रग्बी स्कूल

रग्बी स्कूल ही इंग्लंडमधील वॉरिकशायर परगण्यातील रग्बी या गावी असलेली, १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची स्वतंत्र निवासी शाळा आहे. लंडनमधील व्यापारी लॉरेन्स शेरिफ यांच्या मृत्युपत्रान्वये १५६७ मध्ये तिची स्थापना झाली. शासनाच्या अनुदानावर न चालता शुल्क व देणग्या यांवर चालणाऱ्या इंग्लंडमधील अशा जुन्या शाळांना 'पब्लिक स्कूल' असे म्हणतात. हे नाव भारतीय वाचकास काहीसे फसवे वाटते. येथे 'पब्लिक' या शब्दाचा अर्थ 'सरकारी' असा नसून विशिष्ट गाव, पंथ वा व्यवसाय यांचे बंधन न ठेवता शुल्क देऊ शकणाऱ्या कोणाच्याही मुलांसाठी खुली, असा आहे. १८६८ च्या पब्लिक स्कूल्स कायद्याच्या कक्षेत आलेल्या सात शाळांपैकी रग्बी ही एक होय. इतर सहा शाळा ईटन, हॅरो, विंचेस्टर, वेस्टमिन्स्टर, चार्टरहाउस व श्रूजबरी या होत.

रग्बी फुटबॉल या खेळाला या शाळेचे, म्हणजेच पर्यायाने या गावाचे नाव मिळाले. शाळेची जगभरची कीर्ती प्रामुख्याने दोन कथांवर उभी आहे. चेंडू हातात घेऊन धावणाऱ्या एका मुलाने हा खेळ निर्माण केला, ही पहिली कथा. खेळाच्या मैदानावर चारित्र्य घडविण्याची पद्धत मुख्याध्यापक टॉमस अर्नोल्ड यांनी येथे घालून दिली, ही दुसरी. उपलब्ध पुरावे पाहता या दोन्ही कथा सांगितल्या जातात तशा घडलेल्या दिसत नाहीत.

स्थापना व मालमत्ता

लॉरेन्स शेरिफ हे मूळचे रग्बीचे. लंडनमध्ये किराणा व मसाल्यांच्या व्यापारात त्यांनी संपत्ती मिळवली आणि राणी पहिली एलिझाबेथ हिच्या घराण्याला ते माल पुरवीत असत. रग्बी व शेजारचे ब्राउनसोव्हर या दोन गावांतील मुलांना विनामूल्य शिक्षण मिळावे आणि चार निराधार वृद्धांना निवारा मिळावा, अशी व्यवस्था त्यांनी १५६७ मध्ये मृत्युपत्राद्वारे केली. या कामासाठी प्रथम त्यांनी १०० पौंडांची रोख रक्कम नेमून दिली होती. मृत्यूपूर्वी काही आठवडे त्यांनी त्यात बदल केला आणि रोख रकमेऐवजी लंडन शहराच्या बाहेर असलेल्या 'कंड्युइट क्लोज' या आपल्या कुरणाचा एक तृतीयांश भाग, म्हणजे सुमारे आठ एकर जमीन, शाळेला दिली.

त्या काळी ही जमीन गुरे चारण्यापलीकडे फारशा उपयोगाची नव्हती. पुढील दोन शतकांत लंडन शहर पसरत गेले आणि ही आठ एकरांची जागा वस्तीच्या मधोमध आली. लॅम्ब्ज कंड्युइट स्ट्रीट व ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट यांच्या परिसरात आज ती मोडते. तेथील एका रस्त्याला 'रग्बी स्ट्रीट' हे नाव आहे. जुने दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे अठराव्या शतकाच्या अखेरीस संपल्यावर शाळेचे उत्पन्न एकदम वाढले. एका गावातील साधी शाळा राष्ट्रीय कीर्तीची संस्था होण्यामागे कोणा मुख्याध्यापकाच्या प्रतिभेइतकाच या शहरी जमिनीच्या भाड्याचाही वाटा आहे.

आरंभी शाळा गावातील सेंट अँड्र्यूज चर्चसमोरील एका इमारतीत भरत असे. १७५० मध्ये ती गावाच्या दक्षिण टोकावरील जुन्या जहागीरदारी वाड्याच्या जागेत हलविण्यात आली आणि तेव्हापासून तेथेच आहे. १७७८ मध्ये मुख्याध्यापक झालेले टॉमस जेम्स हे ईटनमध्ये शिकलेले होते. त्यांनी ईटनच्या धर्तीवर वर्ग व वसतिगृहांची रचना केली आणि बाहेरगावच्या शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या पुष्कळच वाढली.

१७९७ चे बंड

जेम्स यांच्यानंतर आलेले हेन्री इंगल्स हे अत्यंत कडक शिस्तीचे होते. नोव्हेंबर १७९७ मध्ये बंदुकीच्या दारूच्या खरेदीवरून व एका दुकानदाराच्या फोडलेल्या खिडक्यांच्या भरपाईवरून प्रकरण पेटले. मुलांनी मुख्याध्यापकांच्या खोलीचे दार सुरुंग लावून उडवले आणि वर्गातील बाके व मुख्याध्यापकांची पुस्तके मैदानावर आणून जाळली. त्या वेळी गावात असलेल्या सैनिकांना पाचारण करावे लागले. दंगलविरोधी कायद्याचे जाहीर वाचन झाले. मुले मैदानातील 'आयलंड' नावाच्या, भोवती खंदक असलेल्या उंचवट्यावर जाऊन बसली असता सैनिकांनी पाण्यातून जाऊन त्यांना पकडले. या बंडातील एक पुढारी विलोबी कॉटन पुढे ब्रिटिश सैन्यात सेनापती झाला आणि पहिल्या इंग्रज-अफगाण युद्धात त्याने हिंदुस्थानातून गेलेल्या बंगाल सैन्याचे नेतृत्व केले. 'आयलंड' हा उंचवटा आजही आहे. त्याभोवतीचा खंदक मात्र बुजवण्यात आला आहे.

टॉमस अर्नोल्ड यांचा काळ

टॉमस अर्नोल्ड हे १८२८ ते १८४२ या काळात मुख्याध्यापक होते. शाळेत त्यांना प्रथम धार्मिक व नैतिक तत्त्वे, नंतर सभ्य वर्तन आणि त्यानंतर बौद्धिक कर्तृत्व अपेक्षित होते. ग्रीक व लॅटिन हाच अभ्यासाचा गाभा त्यांनी ठेवला, पण इतिहास, गणित व आधुनिक भाषा यांना नियमित स्थान दिले. चॅपलमधील धर्मोपदेशकाचे कामही त्यांनी स्वतःकडे घेतले. दर रविवारचे त्यांचे प्रवचन हे शाळेतील मोठे आकर्षण ठरले.

शाळेतील शिस्तीची जबाबदारी त्यांनी सर्वांत वरच्या, म्हणजे 'सिक्स्थ' या वर्गातील मुलांवर सोपवली. या मुलांना 'प्रीपोस्टर' म्हणत. वरिष्ठांनी कनिष्ठांवर अधिकार गाजवण्याची रूढी आधीपासूनच होती. अर्नोल्ड यांनी ती नाहीशी केली नाही, तर तिला मुख्याध्यापकांप्रति उत्तरदायी केले. कनिष्ठ मुलांनी वरिष्ठांची हलकी कामे करण्याची 'फॅगिंग' ही प्रथा त्यामुळे टिकूनच राहिली आणि तिच्यासोबत येणारा छळही पूर्णपणे थांबला नाही. १८४६ ते १८४९ या काळात येथे शिकलेले 'ॲलिस'चे कर्ते लुइस कॅरोल यांनी पुढे या शाळेतील दिवसांबद्दल, विशेषतः तेथील रात्रींबद्दल, कटु शब्दांत लिहिले आहे.

अर्नोल्ड यांना खेळांचा पुरस्कर्ता मानले जाते ते टॉमस ह्यूज यांच्या 'टॉम ब्राउन्स स्कूल डेज' या १८५७ मध्ये प्रकाशित झालेल्या कादंबरीमुळे. ह्यूज हे अर्नोल्ड यांचेच विद्यार्थी. त्यांना स्वतःला फुटबॉल व क्रिकेट यांची मनस्वी आवड होती आणि कादंबरीत ती आवड व मुख्याध्यापकांविषयीचा आदर या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या. अर्नोल्ड यांच्या प्रवचनांत व पत्रांत मात्र सांघिक खेळांना असे स्थान आढळत नाही. मुले खेळत, ते कधीमधी पाहत, याहून अधिक नाही. फ्रान्सचे प्येर द कुबेर्तॅं यांनी ही कादंबरी वाचली, १८८० च्या दशकात रग्बीला भेट दिली आणि अर्नोल्ड यांना शालेय क्रीडाशिक्षणाचे जनक मानले. पुढे आधुनिक ऑलिंपिक चळवळ उभारताना त्यांच्यासमोर हाच अर्नोल्ड होता. कादंबरीतील एका व्यक्तिरेखेचा असा परिणाम क्वचितच आढळतो. १९१८ मध्ये लिटन स्ट्रॅची यांनी 'एमिनंट व्हिक्टोरियन्स' या ग्रंथात अर्नोल्ड यांचे उपरोधिक चरित्र लिहिल्यावर या प्रतिमेची चिकित्सा सुरू झाली.

परिसर व सुविधा

शाळेच्या केंद्रस्थानी 'क्लोज' नावाचे विस्तीर्ण हिरवे मैदान आहे. त्याच्या एका बाजूस एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वास्तुविशारद हेन्री हेकविल यांनी बांधलेल्या जुन्या चौकाच्या इमारती व 'स्कूल हाउस' आहे. अर्नोल्ड याच इमारतीत राहत व शिकवत.

विल्यम बटरफील्ड यांनी बांधलेले चॅपल १८७२ मध्ये पूर्ण झाले. वेगवेगळ्या रंगांच्या विटा व दगड यांचे पट्टे ही त्यांची खास शैली येथे ठळकपणे दिसते. अनेकांना ती त्या काळीही भडक वाटली होती. पूर्वेकडील खिडकीतील रंगीत काच मात्र बरीच जुनी असून ती बेल्जियममधील आर्सकोट येथून अर्नोल्ड यांच्या काळात आणलेली आहे. अर्नोल्ड यांना चॅपलमध्येच पुरण्यात आले. कवी रूपर्ट ब्रूक यांचे स्मारकही येथे आहे. त्यांचे वडील याच शाळेत शिक्षक व वसतिगृहप्रमुख होते. चॅपलशेजारचे क्रुसाच्या आकाराचे स्मृतिचॅपल सर चार्ल्स निकल्सन यांनी बांधले असून ते १९२२ चे आहे. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या शाळेच्या सहाशेहून अधिक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ ते उभारण्यात आले.

सभा, संगीताचे कार्यक्रम व परीक्षा यांसाठी वापरले जाणारे 'टेंपल स्पीच रूम' हे सभागृह सर टॉमस ग्रॅहम जॅक्सन यांनी बांधले. त्याचे उद्घाटन १९०९ मध्ये राजा सातवा एडवर्ड याच्या हस्ते झाले. १८५८ ते १८६९ या काळात मुख्याध्यापक असलेले व पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले फ्रेडरिक टेंपल यांचे नाव या सभागृहास, वाचनालयास व जुन्या वेधशाळेसही दिलेले आहे. प्रसिद्ध नट विल्यम चार्ल्स मॅक्रीडी हे शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांच्या नावाचे नाट्यगृह शाळेने बटरफील्ड यांच्याच एका इमारतीत उभारले आहे. तेथे शाळेच्या नाटकांबरोबर गावकऱ्यांसाठीही प्रयोग होतात.

निवासी शाळेचा खरा कणा म्हणजे तिची 'हाउसे'. प्रत्येक विद्यार्थी एका हाउसचा सभासद असतो. जेवण, अभ्यास, झोप, खेळातील संघ व मैत्री हे सारे त्या हाउसभोवती फिरते. स्कूल हाउस, स्कूल फील्ड, कॉटन, किलब्रॅकन, मिचेल, शेरिफ व व्हाइटलॉ ही मुलांची, तर ब्रॅडली, डीन, ग्रिफिन, रूपर्ट ब्रूक, स्टॅन्ली व ट्यूडर ही मुलींची निवासी हाउसे आहेत. घरून ये-जा करणाऱ्या मुलांसाठी टाउन हाउस व मुलींसाठी साउथफील्ड आहे. लॉरेन्स शेरिफ यांनी ज्यांच्यासाठी शाळा काढली त्या गावातील मुलांचे स्थान आज या दोन हाउसांत आहे.

अभ्यासक्रम

शाळेत मुख्य प्रवेश तेराव्या वर्षी होतो. पहिल्या तीन वर्षांच्या वर्गांना अनुक्रमे एफ, ई व डी ब्लॉक अशी जुनी नावे आहेत. पहिल्या वर्षी विद्यार्थी विविध विषयांचा परिचय करून घेतात. पुढील दोन वर्षांत जीसीएसई परीक्षेचे नऊ-दहा विषय व शेवटच्या दोन वर्षांत ए-लेव्हलसाठी निवडक विषय असतात. शैक्षणिक वर्षातील सत्रांना ॲडव्हेंट, लेंट व ट्रिनिटी ही ख्रिस्ती पंचांगातील नावे आहेत.

शिक्षणाच्या इतिहासात या शाळेचे खरे वेगळेपण विज्ञानाच्या संदर्भात आहे. खेळाच्या कीर्तीपुढे ते झाकोळले गेले. इंग्लंडमधील नऊ प्रमुख शाळांची चौकशी करणाऱ्या क्लॅरेंडन आयोगाने १८६४ च्या अहवालात या शाळांतील विज्ञानशिक्षणाच्या अभावावर टीका केली. अभ्यासक्रमात विज्ञानाला नियमित स्थान देणारी शाळा म्हणून त्यांपैकी रग्बीचा अपवाद नोंदवला गेला. मुख्याध्यापक टेंपल यांनी याला पाठबळ दिले. गणित व विज्ञान शिकवणारे जे. एम. विल्सन हे त्यातील प्रमुख शिक्षक होते. १८६७ मध्ये विद्यार्थी व शिक्षकांची निसर्गेतिहास मंडळी सुरू झाली. विल्सन यांनी प्रसिद्ध खगोलनिरीक्षक डब्ल्यू. आर. डॉज यांची, अमेरिकेतील ॲल्व्हन क्लार्क यांनी घडवलेली सव्वाआठ इंच व्यासाची दुर्बीण मिळवून शाळेला दिली. १८७१ च्या सुमारास सुरू झालेल्या वेधशाळेत तिच्या साहाय्याने जोडताऱ्यांची मापने घेण्यात आली व ती खगोलशास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. शाळेतील मुलांची दुर्बीण एवढेच तिचे स्वरूप नव्हते.

फुटबॉलपासून रग्बीपर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील प्रत्येक शाळेत फुटबॉल वेगळा होता. जेथे फरसबंदी चौक तेथे पायाने खेळण्यावर भर, जेथे मऊ गवताचे मोठे मैदान तेथे झटापट व पाडापाडी अधिक, हा भेद जागेमुळे पडला. रग्बीला 'क्लोज' होते. एका बाजूला शंभराहून अधिक मुले असलेले सामने येथे होत आणि ते अनेक दिवस चालत. १८३९ मध्ये विधवा राणी ॲडलेड हिने येथील एक सामना पाहिला. त्या वेळी स्कूल हाउसच्या मुलांनी लाल मखमली टोप्या घातल्या होत्या. मोठ्या सामन्यात खेळण्याचा मान मिळालेल्या खेळाडूला टोपी देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. आज क्रिकेट व फुटबॉल यांसह अनेक खेळांत आंतरराष्ट्रीय सामने 'कॅप' या शब्दाने मोजतात, त्याचे एक मूळ येथे आहे.

विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने १८२३ मध्ये चेंडू हातात घेऊन धाव घेतली व नवा खेळ जन्मास आला, असे सांगणारा शिलालेख शाळेच्या भिंतीवर आहे. तो १९०० मध्ये बसवण्यात आला. या कथेचा एकमेव आधार म्हणजे मॅथ्यू ब्लॉक्सम या माजी विद्यार्थ्याने १८७६ मध्ये व पुन्हा १८८० मध्ये शाळेच्या नियतकालिकात दिलेली माहिती. ब्लॉक्सम यांनी एलिसच्या कथित धावेपूर्वीच शाळा सोडलेली होती आणि ही हकीकत त्यांनी कोणाकडून तरी ऐकलेली होती. एलिस धर्मोपदेशक झाले व १८७२ मध्ये फ्रान्समधील मॉंतों येथे निवर्तले, म्हणजे ही कथा प्रसिद्ध होण्यापूर्वीच. त्यांना याविषयी कोणी विचारल्याची नोंद नाही.

१८९५ मध्ये माजी विद्यार्थ्यांच्या संघाने या प्रश्नाची चौकशी केली आणि १८९७ मध्ये अहवाल दिला. चौकशीत एलिसची धाव पाहिलेला एकही साक्षीदार मिळाला नाही. टॉमस ह्यूज यांनी कळवले की १८३४ मध्ये ते शाळेत आले तेव्हा चेंडू घेऊन धावण्यास स्पष्ट मनाई नव्हती, पण ते इतके धोक्याचे होते की फारसे कोणी धजत नसे. चेंडू हाताने झेलण्यास त्या काळीही परवानगी होती. झेलल्यावर मागे सरून लाथ मारायची असा प्रघात होता आणि पुढे धावणे हेच नवीन होते. १८३० च्या दशकाच्या अखेरीस जेम मॅकी नावाच्या दणकट मुलाने अशा धावांनी नाव मिळवले आणि १८४१-४२ च्या सुमारास ही रीत विद्यार्थ्यांनी मान्य केली. एका मुलाच्या एका दिवसाच्या कृतीपेक्षा दोन दशकांत हळूहळू झालेला बदल हेच या खेळाच्या उगमाचे अधिक विश्वसनीय चित्र आहे. असे असूनही १९८७ पासून दिल्या जाणाऱ्या विश्वचषकास वेब एलिस यांचेच नाव आहे व शाळेबाहेर त्यांचा पुतळाही आहे.

या खेळाच्या इतिहासातील निर्विवाद तारीख २८ ऑगस्ट १८४५ ही होय. त्या दिवशी विद्यार्थ्यांच्या सभेने ३७ नियम मंजूर केले. कोणत्याही प्रकारच्या फुटबॉलच्या सर्वांत जुन्या छापील नियमांत त्यांची गणना होते. मसुदा तीन विद्यार्थ्यांनी तयार केला होता. त्यांत मुख्याध्यापक अर्नोल्ड यांचा मुलगा विल्यम डेलाफील्ड अर्नोल्ड हा एक होता. शिक्षकांचा त्यात हात नव्हता. मुलांनी स्वतः वाद घालून, मतदान करून स्वतःसाठी केलेला हा कायदा होता. 'ट्राय' या शब्दाचा उगमही त्याच काळातला आहे. चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवण्यास तेव्हा गुण नव्हते. त्यामुळे फक्त गोलावर लाथ मारण्याचा प्रयत्न करण्याचा हक्क मिळत असे.

चेंडूचा लांबट आकार शाळेच्या दारातच ठरला. विल्यम गिल्बर्ट व रिचर्ड लिंडन हे शाळेसमोरचे चर्मकार मुलांना बुटांबरोबर चेंडूही पुरवीत. आत डुकराचे मूत्राशय फुगवून घातलेले असल्याने चेंडू आपोआप अंडाकृती होई. हे मूत्राशय तोंडाने फुगवावे लागत. लिंडन यांच्या पत्नीचा मृत्यू दूषित मूत्राशये फुगवल्याने जडलेल्या फुप्फुसांच्या रोगाने झाला असे मानले जाते. त्यानंतर लिंडन यांनी रबरी पिशवी व हवा भरण्याचा पंप वापरात आणला. गिल्बर्ट यांच्या जुन्या दुकानाच्या जागी आता या खेळाचे संग्रहालय आहे.

शाळा सोडून गेलेल्या मुलांनी हा खेळ विद्यापीठांत, लंडनच्या क्लबांत व वसाहतींत नेला. २६ जानेवारी १८७१ रोजी स्थापन झालेल्या रग्बी फुटबॉल युनियनचे पहिले नियम रग्बीत शिकलेल्या तीन वकिलांनी लिहिले. त्याच वर्षी २७ मार्च रोजी एडिनबरा येथे स्कॉटलंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळलेल्या इंग्लंडच्या संघाचे कर्णधार फ्रेडरिक स्टोक्स हेही येथलेच. इंग्लंडच्या संघाचा पांढरा पोशाख शाळेच्या पोशाखावरून घेतलेला आहे. टॉम विल्स हा ऑस्ट्रेलियन मुलगा १८५० च्या दशकात येथे शिकला, क्रिकेट संघाचा कर्णधार झाला आणि मेलबर्नला परतल्यावर ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या संस्थापकांपैकी एक ठरला.

इतर खेळ

क्रिकेटमध्ये शाळेचा मार्लबरो कॉलेजविरुद्धचा वार्षिक सामना १८५५ पासून दीर्घकाळ लॉर्ड्सवर होत असे. इंग्लंडचे कर्णधार पेलम वॉर्नर हे येथील सर्वांत प्रसिद्ध क्रिकेटपटू होत. चार भिंतींच्या दालनात हातमोजे घालून तळहाताने चेंडू मारण्याच्या 'रग्बी फाइव्ह्ज' या खेळालाही शाळेचे नाव आहे. 'क्रिक रन' ही शेतांतून व गावरस्त्यांवरून होणारी दूर पल्ल्याची शर्यत १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. कागदाचे कपटे टाकत पुढे पळणारे 'ससे' व त्यांचा माग काढणारे 'शिकारी' असा खेळ ह्यूज यांच्या कादंबरीत आहे. शर्यतीचे मूळ त्याच परंपरेत आहे. आज हॉकी, नेटबॉल, टेनिस, पोहणे, ॲथलेटिक्स इत्यादी खेळ मुलामुलींसाठी आहेत.

सहशिक्षण

चार शतकांहून अधिक काळ ही शाळा केवळ मुलांची होती. १९७५ मध्ये सिक्स्थच्या वर्गात दोन मुलींना प्रवेश देण्यात आला. मुलींचे पहिले हाउस त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाले, म्हणजे प्रवेश आधी मिळाला व जागा नंतर. १९९२ मध्ये तेरा वर्षांच्या मुली प्रथमच आल्या आणि शाळा सर्व वर्गांत सहशिक्षण देणारी झाली. १९९५ मध्ये एका मुलीची 'हेड गर्ल' म्हणून पहिल्यांदा निवड झाली, तेव्हा ही बातमी 'द टाइम्स'च्या पहिल्या पानावर आली. मुलींसाठीचे ग्रिफिन हे हाउस २००३ मध्ये सुरू झाले.

मुलींना आरंभी केवळ शेवटच्या दोन वर्षांसाठी घेण्याची पद्धत त्या काळी इंग्लंडमधील अनेक मुलांच्या शाळांनी अवलंबिली होती. तिच्यात मुली पाहुण्यांसारख्या येत व जात, आणि शाळेच्या चालीरीती आधीच्याच राहत. तेराव्या वर्षापासून प्रवेश सुरू झाल्यावरच मुलींची हाउसे मुलांच्या हाउसांच्या बरोबरीने उभी राहू शकली. जुन्या हाउसांच्या वास्तू मुलींकडे गेल्या, तेव्हा त्या त्या हाउसच्या माजी विद्यार्थ्यांना आपल्या परंपरेचा शेवट झाल्यासारखे वाटणे साहजिक होते.

गावातील मुले, शुल्क व शिष्यवृत्त्या

शेरिफ यांच्या मृत्युपत्रातील विनामूल्य शिक्षणाची अट आणि शुल्क भरणाऱ्या बाहेरगावच्या मुलांची वाढती संख्या यांत एकोणिसाव्या शतकात उघड संघर्ष झाला. गावातील व्यापारी व कारागिरांच्या मुलांना लॅटिन-ग्रीकप्रधान शिक्षणाचा उपयोग नव्हता आणि त्यांना श्रीमंत मुलांत सामावून घेतले जात नव्हते. दुसरीकडे मुलाला मोफत शिक्षण मिळावे म्हणून सधन कुटुंबे रग्बीत घर घेऊन राहू लागली. १८६८ च्या कायद्यानंतर शाळेची पुनर्रचना झाली आणि १८७८ मध्ये स्थानिक मुलांसाठी लॉरेन्स शेरिफ स्कूल ही वेगळी शाळा सुरू करण्यात आली. ती आजही त्याच गावात शासकीय निधीवर चालणारी, परीक्षेद्वारे प्रवेश देणारी शाळा आहे. म्हणजे संस्थापकाचे नाव एका शाळेकडे व त्याची जमीन प्रामुख्याने दुसरीकडे गेली.

रग्बी स्कूलचे शुल्क सामान्य इंग्रज कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या अर्नोल्ड फाउंडेशनद्वारे आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील काही विद्यार्थ्यांना पूर्ण खर्चासह निवासी शिक्षण दिले जाते. शाळेच्या नावाने थायलंड येथे २०१७ मध्ये व जपान येथे २०२३ मध्ये शाळा सुरू झाल्या आहेत.

माजी विद्यार्थी

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना 'ओल्ड रग्बियन' म्हणतात. कवी मॅथ्यू अर्नोल्ड व आर्थर ह्यू क्लफ, तत्त्वज्ञ आर. जी. कॉलिंगवुड, बालसाहित्यकार आर्थर रॅन्सम आणि पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन हे त्यांपैकी काही. कोलकात्यात जन्मलेले अर्थेतिहासकार आर. एच. टॉनी व पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले विल्यम टेंपल यांची मैत्री रग्बीतील पहिल्याच दिवशी जुळली. टॉनी यांनी पुढे आयुष्यभर इंग्लंडमधील वर्गाधारित शिक्षणव्यवस्थेवर टीका केली.

भारताशी संबंध

१८५७ च्या उठावात हुमायूनच्या मकबऱ्यातून बहादूरशाह जफर यांना अटक करणारा व मुघल शहजाद्यांना गोळ्या घालणारा विल्यम हॉडसन हा अर्नोल्ड यांचा विद्यार्थी होता. फुटबॉलच्या नियमांचा एक कर्ता विल्यम डेलाफील्ड अर्नोल्ड हाही हिंदुस्थानात आला. १८५६ पासून तो पंजाबच्या शिक्षण खात्याचा संचालक होता. मायदेशी परतताना १८५९ मध्ये जिब्राल्टर येथे तो वारला.

कादंबरीकार सलमान रश्दी यांचा जन्म १९४७ मध्ये मुंबईत झाला. तेथील कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेतून ते १९६१ मध्ये रग्बीत दाखल झाले. अभ्यासात ते चमकले. मात्र परदेशी असणे, हुशार असणे आणि खेळात वाईट असणे या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आल्यास क्षमा नसे, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. अभ्यास, खेळ व वंश यांचे या शाळेतील परस्परसंबंध त्यांच्या या अनुभवातून दिसतात.

भारतात हा खेळ प्रथम कोलकात्यात रुजला. कलकत्ता फुटबॉल क्लब जानेवारी १८७३ मध्ये रग्बीच्या माजी विद्यार्थ्यांनी स्थापन केला. येथील हवामान खेळाला मानवेना, पोलो व टेनिस यांचे आकर्षण वाढले आणि क्लबातील मोफत पेयांची सोय बंद झाल्यावर सभासद आणखी घटले, असे सांगितले जाते. क्लब विसर्जित करताना बँकेतील शिल्लक २७० चांदीच्या रुपयांत काढून, ते रुपये वितळवून भारतीय कारागिरांकडून एक चषक घडवून घेण्यात आला. त्याच्या तीन मुठी नागांच्या आकाराच्या असून झाकणावर हत्ती आहे. १८७८ मध्ये हा 'कलकत्ता चषक' रग्बी फुटबॉल युनियनला देण्यात आला. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात १८७९ पासून त्यासाठी सामने होत आहेत.